बाईमावशीचं रबाळं

बाईमावशीला अर्धं नाव चालत नसे. समोर कोणीही असो, आधी त्याचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असं तिन्ही तिला हवं असायचं. सिंगापुरात बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटवर ती राहायला आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये शेजारच्या आंटी भेटल्या. त्या हसून "टॅन" म्हणाल्या. बाईमावशीने माझ्याकडे पाहिलं. "हे आडनाव झालं. नाव काय, वडिलांचं काय, विचार." मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. तेव्हा तिने स्वतःच विचारलं, "युवर गुड नेम? फादर नेम?" आंटींनी कौतुकाने सगळं सांगितलं, चिनी लोकांत आडनाव आधी येतं हेसुद्धा. घरी आल्यावर बाईमावशी म्हणाली, "म्हणजे हजेरीत सगळे टॅन एकाखाली एक. सोपं पडत असेल बाई मास्तरांना." मी लहानपणापासून त्या आंटींच्या शेजारी राहत होते. त्यांचं नाव मला त्या दिवशी कळलं.

बाईमावशी म्हणजे आईची मावसबहीण. साताऱ्याला शाळेत शिकवायची, म्हणून सगळ्या नात्यात ती 'बाई', आणि मला बाईमावशी. गेल्या हिवाळ्यात ती वारली. तिला ओळखणाऱ्या प्रत्येकाला आपलं पूर्ण नाव तिच्या आवाजात ऐकू येत असणार. मला तरी येतं. चांगी विमानतळावर तिला आणायला गेलो तेव्हा मी हळूच म्हटलं, "मी रेवती." ती म्हणाली, "रेवती काय? नुसतं रेवती म्हणजे हाक झाली, नाव नव्हे. कुणाची रेवती?" माणसांच्या गर्दीत उभं राहून मला "रेवती विलास जगताप" म्हणावं लागलं. माझे कान तापले होते. ती मात्र समाधानाने म्हणाली, "हां. आता कळलं कोण ते."

आईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे बाईमावशी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचं घर सांभाळायला आली होती. मी युनिव्हर्सिटीत पहिलं वर्ष संपवून घरीच होते. मी मराठी बोलायचे, पण वाक्य आधी मनात लावून घ्यायचे, आणि लावून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. बाईमावशी मात्र थांबायची. हातातली भाजी बाजूला ठेवून, चष्म्यावरून बघत, मी वाक्य संपवेपर्यंत थांबायची. चूक असली तर दुरुस्त करायची, आणि मग उत्तर द्यायची.

एकदा मी फोनवर मैत्रिणीला "ओके ला, कॅन ला" म्हणत होते, तशी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हे ला काय आहे?"

"काही नाही. इथे सगळे म्हणतात. अर्थ नसतो त्याला."

"अर्थ नसतो कसा? द्वितीयेचा प्रत्यय आहे तो! स, ला, ते. त्याच्या आधी नाम लागतं. रामाला, शाळेला, तुला. तुम्ही लोकांनी तो उनाड सोडलाय."

त्यानंतर माझ्या तोंडून 'ला' निघालं की आतून आवाज यायचा, "कुणाला?" बाबा तर हसून हसून बेजार व्हायचे आणि मुद्दाम 'ला' म्हणायचे.

तिचं स्वतःचं नाव होतं कमल सखाराम माने. हे तिच्या वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्न झालं ते जाधवांकडे, पण ती लग्नानंतरही सही तशीच करत राहिली. त्या काळात साताऱ्यात हे सोपं नव्हतं. सासरी कुरबुर झाली तेव्हा तिच्या नवऱ्याने, अण्णांनी, मिटवून टाकलं. "माझं नाव लावायला पोरं होतील," ते म्हणाले, "तिच्या बापाचं लावायला तीच एक आहे." हे सांगताना बाईमावशी हमखास पुढे म्हणायची, "माणूस बोलायला कमी, पण बोलला की काम झालं."

वडिलांना तिने पाहिलेलं नव्हतं. ते लष्करात गाड्या चालवायचे. मोठ्या लढाईत त्यांची तुकडी मलायात आली आणि सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडली. बाईमावशी तेव्हा पाळण्यात होती. पुढे लढाई संपल्यावर सरकारी कागद आला. तो कोणी वाचायच्या आधीच तिच्या आईने, जिजीने, चुलीत घातला. "ज्यानं त्यांना नेलं त्यानं आणून सोडावं," एवढंच ती म्हणाली. तिने कुंकू पुसलं नाही. मी लहानपणी तिला एकदा पाहिलं होतं, वाळकी, ताठ बसणारी, कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू. त्या कुंकवाविषयी घरात कोणी बोलायचं नाही.

त्याच सुमारास शेजारच्या गावातला एक जवान परत आला. तो सांगत होता की सखारामला सिंगापूरच्या बंदरात जहाजात चढवताना आपण पाहिलं, जहाज 'राबाउल'ला निघालं होतं. गावाने ऐकलं 'रबाळे'. ठाण्याजवळ रबाळे म्हणून गाव आहे हे कोणालातरी माहीत होतं. झालं, बाईमावशीचे आजोबा भाकरी बांधून निघाले. खाडीकाठच्या मिठागरांत आणि कोळ्यांच्या वस्तीत हिंडले, भेटेल त्याला विचारलं, इथे बोटीनं आणलेले लढाईतले कैदी कुठं ठेवलेत? रबाळ्याच्या लोकांनी त्यांना जेवू घातलं आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. पुन्हा वर्षभराने ते गेलेच. जिजी शेवटपर्यंत त्या जागेला 'रबाळं'च म्हणायची.

ही चूक उघडी पडली ती माझ्या बाबांमुळे. बाबा मरीन इंजिनिअर. तेव्हा जहाजावर असायचे, सुट्टीत साताऱ्याला गेले आणि गप्पांत म्हणाले, "यावेळी खोबरं भरायला राबाउलला गेलो होतो. न्यू गिनीकडचं बेट, चहूबाजूंनी ज्वालामुखी." बाईमावशी ताटावरून उठली. "काय म्हणालात विलासराव? परत म्हणा." बाबांनी परत म्हटलं. तिने शाळेतून भला मोठा नकाशा आणवला आणि बाबांना बोट ठेवायला लावलं. मग कितीतरी वेळ ती नुसती बोटाच्या जागेकडे बघत होती, असं बाबा सांगतात.

त्यानंतर तिने लष्करी कचेरीला लिहिलं. उत्तर आलं की सखाराम बाबाजी माने या नावाचा सैनिक नोंदीत आढळत नाही. तिने पुन्हा लिहिलं, तेच उत्तर पुन्हा आलं. "आढळत नाही म्हणे," आमच्या डायनिंग टेबलावर शेंगा सोलता सोलता ती मला म्हणाली. "मग मी कुणाची?" आवाज नेहमीचाच होता, पण शेंग हातातच राहिली. जिजी आता पंचाहत्तरीला टेकली होती आणि मधूनमधून आजारी पडत होती. बाईमावशीला एकच हवं होतं. जिजी असेपर्यंत तिला खरं उत्तर द्यायचं. होय तर होय, नाही तर नाही.

बाबा तोवर बंदरावर किनाऱ्यावरच्या नोकरीत आले होते. त्याच सुट्टीत त्यांना राबाउलजवळ एका मालवाहू बोटीचं इंजिन बघायला जायचं होतं. त्यांनी आम्हा सगळ्यांचीच तिकिटं काढली. आईला हवापालट, मला सुट्टी, असं ते म्हणाले. कोणासाठी चाललोय ते सगळ्यांना माहीत होतं. निघण्याआधी बाईमावशीने सिंगापूरचं बंदर दाखवा म्हटलं. बाबांनी लांबून दाखवलं, कंटेनरचे रंगीत ढीग आणि वर हलणाऱ्या क्रेन्स. ती म्हणाली, "इथूनच का?" बाबा म्हणाले, "आता कसं सांगू कमलताई, सगळं बदललंय." तिने मान डोलावली आणि हात जोडले. कशाला ते मी विचारलं नाही.

पोर्ट मोर्स्बीहून छोट्या विमानाने आम्ही राबाउलच्या बाजूला उतरलो. काही वर्षांपूर्वीच्या उद्रेकात जुनं गाव राखेखाली गेलं होतं. रस्त्याच्या कडेला घरांची नुसती छपरं दिसत होती, आणि खाडीपलीकडे एक काळा बुटका डोंगर धूर सोडत होता. हवेत काडेपेटीचा वास. आईने नाकाला रुमाल लावला. बाईमावशी गाडीतून उतरून डोंगरासमोर जाऊन उभी राहिली. "दरवर्षी सातवीला फळ्यावर काढते मी," ती म्हणाली. "लाल खडू, पिवळा खडू. शंकू, विवर, लाव्हा, नावे द्या." मग जरा निरखून, "माझा याच्यापेक्षा बरा येतो." एवढ्यात डोंगराने गडगडून राखेचा एक लोट वर सोडला. ती दचकून मागे सरली, पदर सावरला आणि डोंगराला म्हणाली, "बरं बाबा, राहिलं."

आमचा ड्रायव्हर तिथलाच, थोराड, पिकल्या दाढीचा, सुपारी चघळून तोंड लाल झालेला. ती सुपारी बघूनच बाईमावशीला तो घरचा वाटायला लागला. त्याने नाव सांगितलं, टोमास. "फादर नेम?" मी दुभाषी. टोमास म्हणाला, वडिलांचं सांगतो, पण आमच्यात माणूस आईच्या घराण्याचा धरतात. जमीनही तिकडूनच येते. बाईमावशीने हे दोनदा समजावून घेतलं. "असं का," ती म्हणाली. "विचित्रच." पण तिच्या डोक्यात ते घोळत असावं, कारण वाटभर ती त्याच्याकडे बघत होती.

युद्धातल्या मृतांची स्मशानभूमी गावापासून दूर, नारळीच्या बागांपलीकडे होती. कापलेलं हिरवं गवत, मोठाली झाडं, आणि गवतात रांगेने बुटक्या चौथऱ्यांवर धातूच्या पाट्या. रात्री वारा फिरला होता म्हणून पाट्यांवर राखेचा पातळ थर होता. हिंदी सैनिकांच्या रांगा बाजूला होत्या. आम्ही वाटून घेतल्या. बाबा एकीकडून, आई आणि मी दुसरीकडून, बाईमावशी मधून. ती वाकून प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द आधी बघायची, माने आहे का ते. कितीतरी पाट्यांवर नावच नव्हतं, हिंदी सैन्यातला एक सैनिक, एवढंच कोरलेलं. त्यांच्यापाशी ती जास्त वेळ थांबायची.

ऊन चढलं. माने कुठेच नव्हतं. बाबा घाम पुसत म्हणाले, "कमलताई, सावलीत बसा जरा." ती बसली नाही. पुन्हा पहिल्या रांगेला लागली.

मी तिच्या मागून चालले होते, आणि मला एक पाटी दिसली जी ती दोनदा ओलांडून गेली होती. ड्रायव्हर, सकाराम बाबाजी. ख चा क झालेला, आणि पुढे आडनावच नाही. माझ्या वर्गात कविता होती, तिचं नाव सगळीकडे 'कविता डी-ओ राजू', राजूची कविता. सिंगापुरातल्या तमिळ लोकांना आडनाव नसतं, बापाचंच नाव शेवटी. मी वाक्य मनात लावायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

"बाईमावशी, थांब! याला आडनावच नाहीये. हे वडिलांचं नाव आहे. शेवटचं नको बघू."

ती परत आली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळे जमलो. आई रडायलाच लागली. "सापडले गं ताई," ती म्हणत होती. बाबांनी खाली कोरलेलं वाचलं. मोटार वाहतुकीची तुकडी होती.

बाईमावशीने ती पाटी पुन्हा वाचली. मग म्हणाली, "सखाराम बाबाजी आमच्या जिल्ह्यात गावागणिक एक मिळेल. माझ्याच वर्गात दोन होऊन गेले."

"पण ड्रायव्हर आहे की," बाबा म्हणाले.

"ड्रायव्हर काय एकच होता? विलासराव, हे अर्धं नाव आहे. अर्ध्या नावावर मी माझ्या आईचं कुंकू पुसायला सांगू? दुसऱ्याच कुणाचा बाप निघाला तर?"

आईने आणलेली फुलं पुढे केली. बाईमावशीने ती घेतली नाहीत. आईने मग ती जवळच्या एका बिननावाच्या पाटीवर ठेवली. निघताना मात्र बाईमावशी पुन्हा त्या पाटीशी वाकली, पदराच्या टोकाने अक्षरांवरची राख पुसून काढली, अगदी खाचाखाचांतून. "कुणाचा का असेना," ती म्हणाली, "वाचता तर यायला हवा." परतीच्या वाटेवर टोमासने तिला शहाळं फोडून दिलं ते तिने हातात धरून ठेवलं.

सिंगापूरला परत आल्यावर तिने साताऱ्याला फोन लावला. अण्णांनी उचलला आणि जिजीला दिला. जिजी फोनवर एवढ्या मोठ्याने बोलायची की शेजारी बसलेल्या मला सगळं ऐकू येत होतं.

"गेलतीस का रबाळ्याला?"

"गेले होते जिजी. जागा चांगली आहे. झाडं आहेत, गवत..."

"झाडं ऱ्हाऊ दे. ते हायत का तिथं?"

बाईमावशीने डोळे मिटले. "नाही गं. नाही सापडलं नाव."

तिकडून जिजी म्हणाली, "विलासची पोरगी हाय का तिथं? तिला दे."

मी मानेने नको नको म्हणत होते, तरी रिसीव्हर माझ्या हातात आला. "पोरी," जिजी म्हणाली, "कमळी मला दुखंल म्हणून काय बी सांगंल. तू काय बघितलंस ते सांग."

मी बाईमावशीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, "जिजी, एक नाव होतं. सखाराम बाबाजी. ड्रायव्हर. पण आडनाव नव्हतं, म्हणून..."

"आडनाव कसं असंल?" जिजी म्हणाली. "भरती करणाऱ्या सायबाला सांगितलंच न्हवतं त्यांनी. घरातनं पळून गेले हुते. माने म्हणून लिवलं असतं तर मामंजींनी हुडकून काढून कानाला धरून आणलं असतं. रजेवर आले तवा मला सांगून हसत हुते."

मी हे शब्द तसेच्या तसे बाईमावशीला सांगायला गेले, पण तिने ते ऐकलेच होते. तिने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"जिजी! एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"तू इचारलंस कधी? सरकारला इचारलंस, गावाला इचारलंस."

"अगं, तू त्यांचं नाव घेत नाहीस, म्हणून तुला कशाला..."

"नाव घेत न्हाई," जिजी म्हणाली. "आडनाव घ्यायला काय झालंतं? ते माझं बी हाय की."

बाईमावशी जमिनीवर बसली. तिला हसू येत होतं की रडू ते मला कळेना, बहुतेक तिलाही नसेल कळलं. मी तिला पाणी आणून दिलं. "मी समोर उभी होते गं," ती फोनमध्ये म्हणत होती, "समोर उभी राहून तशीच निघून आले. फूलसुद्धा नाही वाहिलं."

"हात लावलास का?"

"राख होती. ती पुसली पदरानं."

"मग आन काय करायचं असतं लेकीनं?" जिजी म्हणाली. "ठेव आता. बिल लई येतं."

सुट्टी संपली तशी बाईमावशी साताऱ्याला परतली. तिकडे अण्णांनी तिच्या वडिलांचं राहिलेलं दिवसकार्य करवून घेतलं. पुढे एकदा तिचा फोन आला तेव्हा मी न राहवून जिजीच्या कुंकवाचं विचारलं. असं काही विचारायला मी आधी कधी धजावले नसते.

"पुसलं तिनं," बाईमावशी म्हणाली. "आपलं आपणच, मला न सांगता. थोडे दिवस तशीच राहिली. मग एके दिवशी बघते तर परत लावलेलं. म्हटलं, जिजी, हे गं काय? तर म्हणते, आरशात कोण बाई बसलीय ते मला ओळखू येईना."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? करंड्यातलं कुंकू संपत आलं होतं, बाजारातून नवीन घेऊन आले."